माशांच्या पाण्यावरची शेती

तळ्यातल्या माशांना किलोभर खाद्य घातले, म्हणजे पाण्यात नेमके काय घातले? बाजारात मिळणाऱ्या तरंगत्या गोळीखाद्यात ३२ टक्के प्रथिने असतील, तर त्या किलोत जवळपास ५१ ग्रॅम नायट्रोजन असतो. मासा त्यातला पाव ते तिसरा हिस्सा अंगी लावतो. बाकीचा पाण्यात जातो. थोडा विष्ठेतून आणि बराचसा कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपाने. दाट मत्स्यपालन करणाऱ्याला हा अमोनिया नको असतो, म्हणून तो पाणी बदलतो आणि जुने पाणी ओढ्यात सोडून देतो. त्याच वेळी बांधापलीकडचा शेतकरी पालकाच्या वाफ्याला युरियाची गोणी फोडत असतो. एकाने पैसे मोजून आणलेला नायट्रोजन ओढ्याला गेला आणि दुसऱ्याने तोच पुन्हा विकत आणला. ॲक्वापोनिक्स म्हणतात ती शेती या दोन व्यवहारांना एका पाण्यावर आणते. माशांच्या टाकीतले पाणी भाजीच्या मुळांवरून फिरते, मुळे आपल्या गरजेचे घेतात आणि पाणी परत माशांकडे येते.

इतके ऐकून माणूस उत्साहाने टाकी विकत घेतो, मासे सोडतो, रोपे लावतो आणि पंधरा दिवसांत मासे मेलेले पाहतो. कारण मासा आणि भाजी यांच्यामध्ये तिसरा एक जीव आहे आणि तो नुसता विकत आणून टाकीत सोडून भागत नाही. त्याला तिथे वसवावे लागते. अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे, नायट्राइटचे नायट्रेट करणारे वेगळे. पहिल्या गटात नायट्रोसोमोनास, दुसऱ्यात नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये हे दोन टप्पे वेगळे करून दाखवले आणि पुढे सव्वाशे वर्षे पाठ्यपुस्तकांत हीच मांडणी राहिली. २०१५ मध्ये कळले की काही नायट्रोस्पायरा दोन्ही कामे एकट्याने करतात. ही गोष्ट ज्या दोन ठिकाणच्या नमुन्यांत सापडली, त्यांतला एक नमुना पाणी फिरवून वापरणाऱ्या मत्स्यपालन केंद्राच्या गाळणीतला होता. या विषयाचे मूळ विज्ञान अजून तयार होत आहे आणि त्यातला एक मोठा शोध थेट माशांच्या टाकीशेजारी लागलेला आहे. नवख्या वाचकाने एवढे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

हे जिवाणू वसायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. त्या दिवसांत करण्यासारखे एकच महत्त्वाचे काम असते, ते म्हणजे पाणी तपासणे. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, त्यात रसायनाचे थेंब मोजून टाकायचे, नळी हलवायची आणि काही मिनिटे थांबायचे. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो, असेल तर हिरव्याकडे झुकतो. सुरुवातीला हा हिरवा रोज गडद होत जातो. मग एके दिवशी तो फिका पडतो आणि दुसऱ्या नळीतला नायट्राइटचा रंग गुलाबी-जांभळा होऊ लागतो. हा टप्पा फसवा असतो, कारण अमोनिया गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि नायट्राइटने माशांचे रक्त तपकिरी पडून ते गुदमरतात. दोन्ही रंग उतरले आणि नायट्रेट चढले, म्हणजे पाणी बसले. ज्यांनी हे रंग बदलताना स्वतः पाहिले आहेत त्यांना पुढची अर्धी पुस्तके वाचावी लागत नाहीत, असे माझे मत आहे.

या शेतीचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक मेक्सिकोतल्या ॲझ्टेकांच्या चिनाम्पांपासून (तळ्यातल्या चिखलाच्या वाफ्यांपासून) आणि चीनमधल्या भातखाचरातल्या माशांपासून सुरुवात करतात. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या छिंगथियान तालुक्यातील भात-मासा शेतीला २००५ मध्ये जागतिक कृषिवारसा म्हणून मान मिळाला, आणि तो रास्तच आहे. पण या पद्धतींना ॲक्वापोनिक्सचे पूर्वज म्हणणे मला पटत नाही. त्यांत माती आहे, चिखल आहे, ओढ्याचे येते-जाते पाणी आहे. पंपाने फिरणारे, मोजलेले, बंदिस्त पाणी तिथे कुठेच नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते निराळे: एका ठिकाणचा मैला म्हणजे दुसऱ्या ठिकाणचे खत, ही समज. तिची उदाहरणे शोधायला मेक्सिकोपर्यंत जायचीही गरज नाही. अरुणाचलातले आपातानी लोक झिरोच्या खोऱ्यात भाताबरोबर मासे वाढवतात. गोव्यातल्या खाजणांत पावसाने खार धुऊन निघाला की कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात उभे राहते आणि कापणीनंतर मानशीतून (बांधातल्या झडपेतून) भरतीचे पाणी आत घेऊन त्याच शेतात मासळी धरली जाते. पेण-अलिबागकडच्या खारेपाटात तळ्यांतून जिताडा वाढवण्याची रीत आजही जिवंत आहे. आणि या साऱ्यांत मोठे उदाहरण कोलकात्याचे. शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांच्या पाणथळीत सांडपाणी भेऱ्यांमध्ये, म्हणजे उथळ मत्स्यतळ्यांमध्ये, मुरते, उन्हाने आणि शेवाळाने शुद्ध होते, मासे त्यावर वाढतात आणि पुढे तेच पाणी भातशेतीला जाते. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने आयुष्य घालून ही व्यवस्था जगापुढे मांडली आणि २००२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. त्या भेऱ्या चालवणाऱ्या कोळ्यांना अमोनियाचे सूत्र कुणी शिकवले नव्हते. पाण्याचा रंग आणि वास यांवरून सांडपाणी किती आणि केव्हा घ्यायचे हे ते ठरवत आले.

आज ज्याला आपण ॲक्वापोनिक्स म्हणतो ती १९७० च्या दशकातली निर्मिती आहे. त्याआधी मातीविना शेतीचा पाया घातला गेला होता. कॅलिफोर्नियात विल्यम गेरिक यांनी १९३० च्या आगेमागे द्रावणावर टोमॅटो वाढवून दाखवले. आपल्याकडे बंगालमध्ये शोल्टो डग्लस यांनी खडी-विटांच्या तुकड्यांवर, पंपाविना चालणारी स्वस्त पद्धत बसवली आणि १९५१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पण त्या सगळ्यांत खत पोत्यातून यायचे. खताऐवजी मासा आणला तो पुढच्या पिढीने. अमेरिकेत जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड आणि विल्यम मॅक्लार्नी यांनी १९६९ मध्ये न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट काढली आणि पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडला, तिचे काम चालवले. १९७० चे दशक तेलाच्या टंचाईचे होते. काचघरातल्या उभ्या पारदर्शक टाक्यांत तिलापिया, त्या टाक्यांच्या उबेवर थंडीत तग धरणारी भाजी, असे त्यांचे प्रयोग. जर्मनीत लुडविग नेगेल यांनी १९७७ मध्ये मासे आणि भाजी एकाच फिरत्या पाण्यावर घेतल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मग नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात मार्क मॅक्मर्ट्री आणि डग सँडर्स यांनी १९८० च्या दशकात वाळूचे वाफे वापरले. माशांचे पाणी वाळूवर सोडायचे, ते झिरपून परत टाकीत येऊ द्यायचे. वाळूच गाळणी, वाळूच जिवाणूंचे घर आणि वाळूच मुळांचा आधार. पाणी कमी आणि ऊन भरपूर असलेल्या मुलखासाठी ही रचना आखलेली होती. तिच्याकडे आपल्याकडे फारसे कुणी पाहिले नाही, याचे मला वाईट वाटते.

मिसुरी राज्यातल्या टॉम आणि पॉला स्पेरानिओ या शेतकरी दांपत्याने वाळूच्या जागी खडी आणली आणि १९९० च्या दशकात आपली रीत लोकांना शिकवली. ती ऑस्ट्रेलियात पोचली, तिथे परसदारी रुजली आणि आज छतांवर जे दिसते ते बहुतेक तिचेच वंशज. खडीचा वाफा भरत येतो, पाणी ठरावीक उंचीला पोचले की बेल सायफन ओढ घेतो, गडगड आवाज करत वाफा रिकामा होतो, मुळांना हवा लागते आणि पाणी पुन्हा चढू लागते. घरगुती प्रमाणावर याहून बिनघोर पद्धत नाही. मात्र खडीत गाळ साठतो, आणि मासे जास्त झाले की वाफ्याच्या तळाशी प्राणवायू संपून कुजका वास येतो.

मोठ्या प्रमाणावर उत्पादन घ्यायचे, तर गाळ आधी वेगळा करावा लागतो. हे काम जेम्स रकोसी यांनी केले. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात, १९८० पासून पुढची तीस वर्षे ते या एकाच प्रश्नावर बसले. बेटावर गोड्या पाण्याची वानवा, म्हणून पावसाचे पाणी साठवून वापरायचे. त्यांच्या रचनेत चार माशांच्या टाक्या, गाळ खाली बसवणाऱ्या शंकूच्या टाक्या, जाळ्यांची गाळणी आणि २१४ चौरस मीटर क्षेत्राच्या उथळ हौदांवर तरंगणारे तराफे. त्या तराफ्यांच्या भोकांत रोपे, मुळे थेट पाण्यात. रकोसींनी दिलेले मोलाचे सूत्र टाक्यांचे नाही, खाद्याचे आहे: तराफ्याच्या दर चौरस मीटरमागे रोज ६० ते १०० ग्रॅम खाद्य. किती मासे आणि किती रोपे, असा प्रश्न नवखे लोक विचारतात. रकोसींनी तो बदलला. रोज खाद्य किती जाते आणि त्यावर किती पानभाजी पोसली जाते, एवढेच विचारा, असे त्यांचे सांगणे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान प्रमाणावरच्या ॲक्वापोनिक्सची जी पुस्तिका काढली, तिनेही हिशेबाला खाद्याचीच वाट धरली. पानभाजीला ४० ते ५० ग्रॅम, फळभाजीला ५० ते ८०. गाझा पट्टीतल्या घरांच्या छतांवर जे प्रयोग झाले, त्यांचा अनुभवही त्या पुस्तिकेमागे आहे.

या पुस्तिकेच्या आधीच ऑस्ट्रेलियात विल्सन लेनर्ड यांनी खडी, तराफा आणि पाण्याचा पातळ ओघळ वाहणारी पन्हळ या तिन्ही पद्धती मरे कॉड मासा आणि लेट्यूस घेऊन शेजारी शेजारी तपासल्या. पन्हळ सर्वांत मागे पडली, कारण मुळांचा थोडाच भाग पाण्यात राहतो. आपल्याकडे विक्रेते अजून पन्हळच पुढे करतात, ती दिसायला छान म्हणून. मेच्या उन्हात त्या पांढऱ्या नळ्यांतले पाणी किती तापते, हे आधी हात लावून पाहावे.

अलीकडची दिशा मासे आणि भाजी यांची जोडणी सैल करण्याची आहे. बर्लिनच्या गोड्या पाण्याच्या संशोधन संस्थेत वेर्नर क्लोआस आणि सहकाऱ्यांनी तिलापिया आणि टोमॅटो यांची दोन स्वतंत्र वर्तुळे केली. माशांकडचे पाणी टोमॅटोकडे जाते, परत येत नाही. लागेल ते खत वाटेत मिसळता येते. सायमन गोडेक आणि इतरांनी या पद्धतीचे गणित पुढे नेले. यामागे साधी अडचण आहे. मासा आणि जिवाणू यांना सामू ७ ते ८ हवा, भाजीच्या मुळांना ५.५ ते ६.५. एकाच पाण्यात दोघांना ठेवायचे तर ६.८ ते ७ वर तडजोड करावी लागते, आणि तडजोडीत दोघांचेही थोडे उणे राहते. वर्तुळे वेगळी केली की प्रत्येकाला आपले पाणी मिळते. जुन्या मताच्या काही जाणकारांना हे ॲक्वापोनिक्सच वाटत नाही. मला हा वाद महाराष्ट्रासाठी फार कामाचा वाटतो.

कारण द्राक्षपट्ट्यातला शेतकरी हे करतोच आहे. नाशिक, सांगली, जालना भागांत प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी उभी राहिली ती उन्हाळ्यात बाग जगवण्यासाठी. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने त्यांत भर घातली. पाणी साठले आहे तर त्यात रोहू, कटला, चिलापी (तिलापिया) सोडावी, असे अनेकांनी केले. तेच पाणी ठिबकवाटे वेलींना जाते. मासे आहेत, पीक आहे, पाणी एकच आहे, परत येत नाही इतकेच. पण या शेतकऱ्यांपैकी फारच थोडे जण तळ्यातल्या पाण्याचा नायट्रेट मोजून खताचा डोस कमी करतात. शेवाळाने ठिबकची गाळणी तुंबते एवढीच माशांच्या पाण्याची त्यांना आठवण. या तळ्यांचा हिशेब नीट मांडला, तर नवे काचघर न उभारता लाखो लिटर पाणी या विषयाच्या कक्षेत येते. ॲक्वापोनिक्सवरच्या लेखांचा हा संग्रह काढावा असे वाटण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दुसरे कारण परक्या पाककृती जशाच्या तशा उचलण्याचे. रकोसींच्या सूचना पावसाच्या पाण्यासाठी होत्या. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते. एक ग्रॅम नायट्रोजनामागे सात ग्रॅमहून थोडा जास्त चुनखडीइतका बायकार्बोनेट खर्ची पडतो. पावसाच्या पाण्यात तो मुळात नसतोच, म्हणून सामू घसरत राहतो आणि रकोसी तो सावरण्यासाठी कॅल्शियम आणि पोटॅशियमचे हायड्रॉक्साइड आलटून पालटून घालत. त्यातून भाजीला कमी पडणारी ही दोन्ही अन्नद्रव्येही मिळत. आता दख्खनच्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी घ्या. ते जड असते, बायकार्बोनेटने भरलेले. सामू आठाच्या वर अडून बसतो. त्यात कुणी पुस्तकात लिहिले म्हणून चुना घातला, तर उरलेसुरले लोहही अडकते आणि कोवळ्या पानांवर केवडा, म्हणजे पिवळेपणा, दिसू लागतो. चुनखडीच्या जमिनीत उसावर किंवा भुईमुगावर केवडा पाहिलेल्या शेतकऱ्याला हे सांगताच कळते. त्याला कळत नाही ते इंग्रजी पुस्तक. शिवाय सामू चढला की अमोनियाचा विषारी भागही चढतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग घातक असतो, सामू ८ ला पाच टक्के, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. हिरव्यागार तळ्यात दुपारी सामू नऊपर्यंत जाऊ शकतो. सकाळी निवांत फिरणारे मासे दुपारी का मरतात, याचे उत्तर अनेकदा इथे असते.

उष्णतेचेही तसेच. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. माशाला पाचाच्या खाली अवघड जाते. विदर्भात मे महिन्यात, दाट मासे असलेल्या टाकीवर रात्री वीज गेली, तर तासाभरात मासे वर येऊन तोंड वासू लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन नाही, ती या शेतीची पहिली खरेदी आहे, टाकीच्याही आधीची. आणि म्हणूनच हजार लिटरमागे १० ते २० किलो मासे ही अन्न व कृषी संघटनेने लहान युनिटांसाठी सांगितलेली मर्यादा आपल्याकडे अर्धीच धरावी, असा माझा आग्रह आहे. भाजीचेही परदेशी नमुने तपासून घ्यावे लागतात. लेट्यूस २५ अंशांच्या पुढे फुलावर येतो आणि कडू होतो. हिवाळ्यातले तीन-चार महिने सोडले तर आपल्याकडे त्याचे काम नाही. अळू, पुदिना, माठ, आंबट चुका, करडई, तिखट पानांची स्थानिक तुळस यांच्यावर कुणी नेटाने काम केले आहे का, हा प्रश्न मी अनेकांना विचारला. उत्तरांतून या संग्रहातले काही चांगले लेख निघाले.

माशांच्या निवडीत कायदाही पाहावा लागतो. थाई मागुरावर देशात २००० पासून बंदी आहे, तरी तो सोडला जातो. तळ्यातून नदीत गेला की तिथल्या माशांना खाऊन टाकतो. नाईल तिलापियाच्या पालनाला शासनाची परवानगी आणि अटी आहेत. पुस्तके तिलापियाने भरलेली आहेत म्हणून आपण तिलापियाच लावावा, असे नाही. रोहू-मृगळ शांत, थोडक्यात भागणारे. मरळ महाग विकली जाते, पण एकमेकांना खाते.

आर्थिक बाजूबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण या विषयात फसवणूक खूप होते. दुप्पट उत्पन्न, नव्वद टक्के पाणीबचत, असे फलक लावून युनिटे विकली जातात. पाणी वाचते हे खरे. रकोसींच्या व्यवस्थेत रोज दीड टक्क्याच्या आसपास पाणी नव्याने घालावे लागे. नफ्याचे तसे नाही. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डेव्हिड लव्ह आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक उत्पादकांची आंतरराष्ट्रीय पाहणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत २५७ पैकी एक तृतीयांशाहून कमी जणांना मागच्या वर्षभरात नफा झाला होता. मिल्वॉकी शहरात विल ॲलन यांची ग्रोइंग पॉवर ही संस्था शहरी ॲक्वापोनिक्सचे तीर्थस्थान झाली होती. ॲलन यांना २००८ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्तीही मिळाली. २०१७ मध्ये संस्था बंद पडली. तिने शिकवलेली हजारो माणसे वाया गेली नाहीत, पण संस्था टिकली नाही, हेही सांगायला हवे. पैसा बहुतेक वेळा भाजीतून येतो, मासा खर्चाला हातभार लावतो. वीज, खाद्य आणि रोजचे लक्ष हे तीन खर्च कुणालाच चुकत नाहीत. ज्याच्या आसपास ताजी पानभाजी चढ्या दराने घेणारे गिऱ्हाईक नाही, त्याने व्यावसायिक युनिट उभारू नये. घरापुरते उभारावे, शाळेत उभारावे.

शाळेबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. नायट्रोजन चक्राची आकृती प्रत्येक मराठी मुलाने वहीत काढलेली असते; बाण, ढग, गाय, वीज. ती पाठ होते आणि विसरली जाते. वर्गाबाहेर दोनशे लिटरची टाकी, वर खडीचा वाफा आणि आठवड्यातून दोनदा नळीत थेंब टाकून रंग नोंदवणारी मुले असली, तर तीच आकृती मुलांच्या डोळ्यांसमोर घडते. विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांत विहिरींच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या पिण्यायोग्य मर्यादेपलीकडे गेले आहे. तान्ह्या मुलांसाठी ते धोक्याचे आहे आणि त्यामागे बरेचदा शेतातून झिरपलेले खत आणि गावातले सांडपाणी असते. टाकीतल्या नायट्रेटवर पालक वाढताना पाहिलेले मूल गावच्या विहिरीतल्या नायट्रेटबद्दल घरी प्रश्न विचारेल. शेतीचा हा उपयोग मला उत्पन्नाइतकाच मोलाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट या शेतीला वेगळी करते. इथे लबाडी पचत नाही. पानावर कीटकनाशक मारले तर ते पाण्यात उतरून मासे मरतात. माशांना प्रतिजैविक दिले तर जिवाणूंची वस्ती धोक्यात येते. म्हणजे भाजी खाणाऱ्याला जे आश्वासन हवे असते, ते ही रचना आपसूक देते. तरी तिला सेंद्रिय म्हणावे का, यावर मतभेद आहेत. युरोपीय संघाच्या नियमांत सेंद्रिय पीक जिवंत मातीतच वाढले पाहिजे. अमेरिकेत २०१७ मध्ये सल्लागार मंडळापुढे बंदीचा ठराव आला आणि थोडक्यात फेटाळला गेला. मातीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला वजनदार वाटते. ॲक्वापोनिक्सने मातीला पर्याय म्हणून मिरवू नये. जिथे माती नाही, पाणी थोडे आहे, किंवा मासे आधीच आहेत, तिथली ती शेती आहे.

या संग्रहात मत्स्यशास्त्राचे अभ्यासक, भाजीपाला उत्पादक, शेततळ्यांचे मालक आणि शिक्षक लिहिते झाले आहेत. त्यांची मते जुळत नाहीत आणि ती जुळवून घेण्याचा प्रयत्न संपादक म्हणून मी केलेला नाही. खडी की तराफा, एक वर्तुळ की दोन, यांवर दोन लेखक समोरासमोर उभे दिसतील. तयार आराखडा, अमुक फुटांची टाकी आणि तमुक हजारांचे उत्पन्न, असे इथे मिळणार नाही. केप कॉडला थंडीवर उत्तर हवे होते, सेंट क्रॉयला गोड्या पाण्याच्या टंचाईवर, बर्लिनला महाग जागेवर आणि कडक नियमांवर. प्रत्येकाची रचना त्याच्या पाण्यातून, हवेतून आणि बाजारातून निघाली. आपली रचना अजून निघायची आहे. ती काढण्यासाठी लागणारे हिशेब, चाचण्या आणि सावधगिरी मराठीत एकत्र असावी, एवढ्यासाठी ही खटपट. त्यामुळे लेखकांना एक अट घातली होती: आपल्या पाण्याचा सामू, जडपणा आणि तापमान सांगितल्याशिवाय कोणताही निष्कर्ष लिहायचा नाही. वाचकानेही आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून तो कागद शेजारी ठेवूनच हे लेख वाचावेत. ज्या लेखकाचे पाणी आपल्या पाण्याशी जुळते, त्याचा सल्ला आधी घ्यावा.

खाऱ्या पाण्याचा भाग मात्र या पुस्तकात नाही. समुद्री मासे किंवा कोळंबीच्या पाण्यावर खार सोसणाऱ्या वनस्पती वाढवण्याचे काम युरोपात सुरू आहे, आणि कोकणात मोरससारखी खारी भाजी लोक आवडीने खातात, म्हणजे पीक आहे आणि गिऱ्हाईकही आहे. पण त्यावर अनुभवाने लिहील असा माणूस संपादनाच्या काळात मिळाला नाही, आणि ऐकीव माहितीवर प्रकरण उभे करणे बरोबर वाटले नाही. खारेपाटात, खाजणात किंवा कोळंबीच्या तळ्यांवर असे कुणी करत असेल, तर त्यांनी आपल्या नोंदी पाठवाव्यात. दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.